ट्रॅकचा टायर घोडबंदर रोडवर चालेल का?

२०२५च्या मे महिन्यात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय भारतात विकायला आणली. त्याच वर्षी स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएसही परतली. दोन्ही गाड्या मोजक्याच आल्या, पण त्यांनी वेगवान गाड्यांची चर्चा पुन्हा पेटवली. व्हर्टस जीटी, स्लाव्हिया, आय ट्वेंटी एन लाइन या गाड्या तर ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सर्रास दिसतात. त्यातच २२ सप्टेंबर २०२५पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि जुने टायर बदलायला काढलेल्यांना वाटलं, आता जरा भारीतला घेऊ. मग टायरच्या दुकानात एक मागणी हमखास येते: रोज ऑफिसलाही चालेल आणि वर्षातून एखाद-दोनदा ट्रॅकवरही, म्हणजे शर्यतीसाठी बांधलेल्या बंदिस्त रस्त्यावरही, नेता येईल असा टायर द्या.

असे टायर असतात. कोरड्या रस्त्यावर त्यांची पकड थक्क करणारी असते आणि त्यामागचं रसायनशास्त्र मला फार आवडतं. पण ठाण्यात ते वर्षभर गाडीला लावून ठेवावेत असं मला वाटत नाही. त्याचं कारण समजून घ्यायला टायर काम कसं करतो इथपासून सुरुवात करावी लागेल.

गाडी रस्त्याला किती टेकते?

मध्यम आकाराची सेडान घ्या, माणसांसह तेराशे किलोची. चार चाकांवर वजन सारखं वाटलं तर एका टायरवर सव्वातीनशे किलो येतात. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलोचा दाब. भागाकार केला की १४० चौरस सेंटिमीटर उत्तर येतं. बोटं पसरलेल्या हाताच्या पंज्याएवढी जागा. ब्रेक, वळण, वेग, सगळं या चार पंज्यांवर चालतं. गाडीत तीनशे हॉर्सपॉवर असोत की सत्तर, इंजिनाची ताकद या जागेतूनच रस्त्यावर उतरते.

शाळेत शिकलेला घर्षणाचा नियम सांगतो की पृष्ठभाग मोठा असो वा लहान, घर्षण तेवढंच राहतं. लाकडाच्या ठोकळ्याला तो लागू पडतो. रबराला पडत नाही. रबरावरचा दाब कमी झाला की दर किलो वजनामागे मिळणारी पकड वाढते. म्हणून रुंद टायरचा कोरड्या रस्त्यावर खरोखर फायदा होतो. शिवाय रबराचा घर्षणांक एकच्या वर जाऊ शकतो, म्हणजे गाडीच्या वजनापेक्षा जास्त जोर टायर आडव्या दिशेने पेलू शकतो.

रबर रस्त्याला धरतं कसं?

दोन प्रकारांनी. पहिल्यात रबराचे रेणू रस्त्याच्या खडीला क्षणभर चिकटतात आणि सुटतात. यासाठी रबर आणि खडी यांची प्रत्यक्ष गाठ पडावी लागते. मध्ये धूळ, तेल किंवा पाणी आलं की हे चिकटणं कमी होतं. दुसऱ्यात रबर खडीच्या उंचसखल कण्यांमध्ये रुततं आणि तिथून बाहेर यायला वेळ लावतं. स्प्रिंग दाबून सोडली की लगेच मूळ जागी येते, रबर रेंगाळतं. या रेंगाळण्यात ऊर्जा खर्च होते, तिची उष्णता बनते आणि रस्ता धरला जातो. जे रबर जास्त रेंगाळतं त्याची पकड जास्त, पण ते तापतंही जास्त, झिजतंही लवकर आणि पेट्रोलही जास्त खातं. टायर बनवणाऱ्यांची सगळी धडपड या ओढाताणीत चाललेली असते.

टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या थराला ट्रेड म्हणतात आणि तो ज्या मिश्रणाचा बनतो त्याला कंपाउंड. त्यात नैसर्गिक रबर, एकदोन जातींचं कृत्रिम रबर, बारीक काजळी म्हणजे कार्बन ब्लॅक, सिलिका, तेलं, राळ आणि गंधक असतं. गंधक घालून रबर तापवलं की त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि रबर टिकाऊ होतं. चार्ल्स गुडइयरने याचं अमेरिकी पेटंट १८४४मध्ये घेतलं. सिलिकाचा मोठा बदल त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, १९९२च्या सुमारास मिशेलिनने बाजारात आणला. काजळीची जागा बऱ्याच अंशी सिलिकाने घेतल्यावर टायर सहज घरंगळू लागला आणि ओल्या रस्त्यावरची पकडही टिकली. आज चांगल्या रस्त्याच्या टायरला पावसात जे जमतं, त्यात सिलिकाचा वाटा फार मोठा आहे.

सगळी गोम तापमानात

तिळाच्या वड्या करताना गुळाच्या पाकाची एकच वेळ साधावी लागते. त्याआधी पाक पातळ असतो, तीळ धरत नाही; नंतर तो कडक होतो आणि वड्या पडत नाहीत. कंपाउंडचंही तसंच, फक्त दिशा उलटी. थंड असताना ते कडक आणि हट्टी, योग्य तापमानाला लवचिक आणि चिकट, त्याहून तापलं की मऊ पडून स्वतःच फाटायला लागतं. प्रत्येक कंपाउंडची ही मधली वेळ ठरलेली असते आणि ती कुठल्या अंशाला यावी हे कारखान्यात ठरतं.

रस्त्याच्या टायरची ही मधली पट्टी खालच्या तापमानाला असते, कारण सकाळी पार्किंगमधून निघाल्या निघाल्या, पहिल्याच सिग्नलला तो थांबला पाहिजे. ट्रॅककडे झुकलेल्या टायरचं उत्तम काम साधारण ७० ते १०० अंश सेल्सिअसला होतं. ट्रॅकवर दोनतीन फेऱ्यांत टायर तिथे पोचतो. ठाण्यात घोडबंदर रोडवरून माजिवड्याहून कासारवडवलीला जाताना तो तिथे कधीच पोचत नाही. मे महिन्यात हवा ३५ अंशांवर असते, गर्दीत हळू चालणारा टायर त्याहून थोडा गरम होतो आणि तिथेच थांबतो. म्हणजे ज्या गुणासाठी जास्त पैसे मोजले तो रोजच्या रस्त्यावर पूर्ण उघडतच नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. युरोपातल्या लेखांमध्ये या टायरबद्दल 'थंडीत धोकादायक' असा इशारा असतो. तिथे सात अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर आखडतं आणि पकड झपाट्याने घटते. ठाण्यात अशी थंडी पडत नाही. आपल्याकडे कोरड्या दिवशी हे टायर थंड असतानाही बऱ्यापैकी धरतात, काही तर उत्तम धरतात. त्यामुळे परदेशी लेख वाचून थंडीची धास्ती घेण्याचं कारण नाही. अपवाद एवढाच की डिसेंबर-जानेवारीत ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भल्या सकाळी गाडी उतरवणार असाल, तर पहिल्या फेऱ्या सांभाळून मारा.

आणखी एक बाब. टायर असा तापून थंड झाला की रबर दर वेळी थोडं कडक होतं. ट्रॅकच्या टायरला वरून भरपूर खाचा दिसत असल्या तरी बऱ्याच तापण्या-थंड होण्यानंतर तो आतून म्हातारा झालेला असतो. वापरलेले ट्रॅक टायर स्वस्तात मिळतात ते बहुधा याच कारणाने.

दुकानातल्या पायऱ्या

सर्वात खाली कारखान्यातून गाडीसोबत येणारा टायर: टिकतो, आवाज कमी, मायलेज देतो. त्यावर वेगवान गाड्यांसाठीचा रस्त्याचा टायर. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोनचा पोटेंझा स्पोर्ट, पिरेलीचा पी झिरो, कॉन्टिनेंटलचा स्पोर्ट कॉन्टॅक्ट, गुडइयरचा ईगल एफ वन ही नावं या पायरीवरची. यांना कोरडं आणि ओलं दोन्ही जमतं. तिसऱ्या पायरीवर कोरड्याकडे स्पष्ट झुकलेले टायर येतात: योकोहामाचा अ‍ॅडव्हान निओव्हा, ब्रिजस्टोनचा पोटेंझा आरई-७१आरएस, हँकूकचा आरएस फोर. चौथी पायरी मुळात ट्रॅकसाठी घडवलेल्या, पण रस्त्यावर चालवायला परवानगी असलेल्या टायरची: पायलट स्पोर्ट कप टू, पिरेलीचा ट्रोफेओ, टोयोचा आर८८८आर. पोर्शे ९११ जीटी३सारख्या गाड्यांना या पायरीचे टायर लागतात. त्यापुढे शर्यतीचे गुळगुळीत स्लिक. त्यांचा रस्त्याशी संबंध नाही.

'दोन्हीकडे चालणारा' म्हणतात तो टायर तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवरचा असतो. या पायऱ्यांवर नेमकं काय बदलतं? कंपाउंड मऊ होतं. खाचा कमी आणि उथळ होतात, म्हणजे जास्त रबर रस्त्याला टेकतं. नव्या साध्या टायरच्या खाचा साधारण आठ मिलिमीटर खोल असतात. चौथ्या पायरीवर त्या पाच-सहाच मिलिमीटर असतात. त्यालाही कारण आहे. उंच ट्रेडचे ठोकळे वळणात हलतात, आपसात घासतात आणि तापून तुटतात. बुटके ठोकळे ताठ उभे राहतात. आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, कडक केली जाते, जेणेकरून स्टिअरिंग फिरवताक्षणी गाडी वळावी. या प्रत्येक बदलाची किंमत रस्त्यावर कुठेतरी चुकवावी लागते.

दोनशेचा आकडा

या टायरबद्दल वाचताना 'ट्रेडवेअर दोनशे' असा आकडा येतो. ही अमेरिकी सरकारने ठरवलेली झिजेची श्रेणी. प्रमाण टायरला १०० धरतात आणि टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या ठरलेल्या रस्त्यांवर सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर चालवून झीज मोजतात. २०० म्हणजे प्रमाण टायरच्या दुप्पट टिकणारा. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट फोर एसवर ३००, पोटेंझा आरई-७१आरएसवर २००, तर टोयोच्या आर८८८आरवर १०० लिहिलेलं असतं.

पण आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते आणि दोन कंपन्यांचे आकडे एकाच मापाचे नसतात. त्यात अमेरिकेतल्या हौशी स्पर्धांनी 'किमान २०० हवा' असा नियम ठेवला, तेव्हा कंपन्यांनी नेमका २०० छापून शक्य तितके चिकट टायर काढले. त्यामुळे दोनशेच्या घरात काही टायर वर्षभर रोज चालवता येण्याजोगे आहेत, तर काही दोनचार ट्रॅक दिवसांत संपतात. आकडा एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला वापरा. त्यापलीकडे त्यावर फार भिस्त ठेवू नका.

आता पाणी

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या भागाबद्दलचा कुठलाही टायरचा निर्णय माझ्या मते इथेच ठरतो.

रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचलं आहे असं धरा. घोडबंदर रोडवर मानपाडा, पातलीपाड्याच्या बाजूला किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर जोराच्या सरीनंतर एवढं पाणी सहज असतं. २०५ मिलिमीटर रुंदीचा टायर ताशी ८० किलोमीटर वेगाने त्यातून जातो तेव्हा त्याला दर सेकंदाला जवळपास १४ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. १०० च्या वेगाला १७ लिटर. हे काम खाचांचं. खाचांना ते जमलं नाही की पाणी टायरखाली दाटतं, चाक वर उचललं जातं आणि गाडी पाण्यावर तरंगू लागते. याला अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. त्या क्षणी स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेक दाबूनही काही होत नाही. अशा वेळी कंपाउंड कितीही भारी असो, ते रस्त्याला लागतच नाही.

गाडी कुठल्या वेगाला तरंगेल? नासाने विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांतून १९६३मध्ये एक साधं सूत्र पुढे आलं: हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि सुमारे १६.७ ने गुणा. ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. ३३ पीएसआयला तो ९६ येतो. चांगल्या खोल खाचांचा टायर पाणी बाहेर फेकत राहिल्यामुळे याहून जास्त वेग सोसू शकतो. पण खाचांच्या कुवतीपेक्षा पाणी जास्त झालं, किंवा टायर गोटा झाला, की हे सूत्र आपलं खरं रूप दाखवतं. अटल सेतूवर मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे. उथळ खाचांचा, अर्धा झिजलेला ट्रॅक टायर मुसळधार पावसात त्या मर्यादेच्या आतच तरंगू शकतो.

या सूत्रात आणखी एक धडा आहे. ट्रॅकवर लोक हवा कमी करतात, त्याचं कारण पुढे येईल. २६ पीएसआयवर हाच वेग ८५ पर्यंत खाली येतो. ट्रॅकवरून हवा न भरता पावसात परतणारी गाडी त्यामुळे दुहेरी संकटात असते.

रुंद टायरचा कोरड्यातला फायदाही इथे उलटतो. रुंदी वाढली की बाजूला सारायचं पाणीही वाढतं आणि मधल्या पाण्याला बाहेर पडायला अंतर जास्त पडतं. तेव्हा फक्त दिसायला छान म्हणून २०५ च्या जागी २३५ बसवायचा विचार असेल, तर तो जुलै महिना डोळ्यांपुढे आणून करा.

कायद्याने मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोल खाचा लागतात. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. ट्रेड झिजून त्यांच्या पातळीला आला की मर्यादा संपली. आपल्या पावसासाठी ही मर्यादा फार सैल आहे. तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी पावसाळ्यात ठेवणार नाही. चौथ्या पायरीचा टायर नवा असतानाच पाच-सहा मिलिमीटरचा असतो, म्हणजे पावसाच्या दृष्टीने त्याचं आयुष्य सुरुवातीलाच निम्मं उरलेलं असतं.

एका भेदाकडे मात्र लक्ष द्या. नुसता ओला रस्ता आणि पाणी साचलेला रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिमझिमीत, पाणी साचलेलं नसताना, यातले काही मऊ कंपाउंड चांगलं धरतात. त्या अनुभवावर विसंबून लोक फसतात, कारण पुढच्या पुलाखाली पाणी तुंबलेलं असतं.

खड्डे आणि फुगे

टायरवर २०५/५५ आर १६ असं लिहिलेलं असतं. २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के, १६ हा रिमचा इंचातला व्यास. साइडवॉल येते ११३ मिलिमीटरची. हीच गाडी २२५/४० आर १८ वर नेली, ज्याला दुकानात अपसाइझ म्हणतात, तर चाकाचा बाहेरचा व्यास जेमतेम एक टक्का वाढतो, पण साइडवॉल ९० मिलिमीटरवर येते. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये असलेली २३ मिलिमीटरची उशी गेली.

खड्ड्यात टायर आपटला की साइडवॉल धार आणि रिमच्या मध्ये चेमटते, आतले पॉलिएस्टरचे धागे तुटतात आणि तिथून हवा रबराला बाहेर ढकलते. हाच तो फुगा. फुग्याला दुरुस्ती नाही. तो टायर बदलावाच लागतो आणि बदलेपर्यंत हळू चालवावा लागतो. गायमुख घाटाचा पट्टा, मेट्रोच्या कामाशेजारच्या अरुंद लेन, उड्डाणपुलांचे जोड, उखडलेले पेव्हर ब्लॉक, पावसाने भरून दिसेनासे झालेले खड्डे: या सगळ्यांतून बुटक्या, कडक साइडवॉलचा महागडा टायर रोज न्यायचा म्हणजे जीव मुठीत धरून चालवणं आलं. ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या चिमट्याला, जागा पुरत असेल तर लहान रिम ठेवून चांगला टायर घ्या. गाडी हलकी राहते, पैसे वाचतात आणि खड्डाही सोसतो.

'मग साध्या टायरवर ट्रॅकला जाऊच नये का?'

जरूर जावं, आणि पहिल्यांदा तर दुसऱ्या पायरीच्या टायरवरच जावं. तो आपली मर्यादा आधी सांगतो. कुरकुरतो, किंचाळतो, मग हळूहळू सरकतो. शिकणाऱ्याला ही सूचना सोन्यासारखी. ट्रॅकचा टायर बरंच वर जाऊन धरतो, पण सुटतो तेव्हा झटकन सुटतो आणि तोवर वेगही जास्त असतो.

फायदा किती? कोरड्या रस्त्यावर ताशी १०० वरून थांबायला घर्षणांक ०.९ धरला तर ४४ मीटर लागतात, १.१ धरला तर ३६. हा निव्वळ गणिती हिशेब, पण आठ मीटर म्हणजे जवळपास दोन गाड्यांची लांबी. ट्रॅकवर प्रत्येक वळणाला असा फायदा मिळतो, म्हणून जाणकार या टायरवर जीव टाकतात.

साध्या टायरची तिथे अडचण होते ती तापण्याची. सलग वीस मिनिटं जोरात चालवला की ट्रेडच्या कडा घासून जातात, कधी ठोकळ्यांचे तुकडे निघतात. हवाही फुगते. सकाळी ३० अंशांना ३३ पीएसआय भरलेली हवा आत ८५ अंशांना गेली की दाब ४२ च्या आसपास पोचतो. टायर मध्ये फुगून कडेला कमी टेकतो आणि पकड घटते. म्हणून ट्रॅकवर थंड असतानाच हवा कमी ठेवतात किंवा गरम झाल्यावर थोडी सोडतात. किती ठेवायची ते गाडी आणि टायरप्रमाणे ठरतं. अंदाजे न करता कंपनीची सूचना किंवा तिथल्या प्रशिक्षकाचं ऐका. साध्या टायरवर पाच-सहा फेऱ्या मारून एक फेरी हळू घेतली, तर तो दिवसभर साथ देतो. आणि खरं सांगायचं तर टायरआधी ब्रेकचं तेल आणि पॅड बदला. पहिल्या दिवशी आधी तेच हात टेकतात.

अंतराचाही प्रश्न आहे. ठाणे-नवी मुंबईकरांना मोठे ट्रॅक दूर पडतात: कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि ग्रेटर नोएडाचं ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध सर्किट. एका बाजूचाच प्रवास बाराशे ते चौदाशे किलोमीटर. मऊ टायर दहा हजार किलोमीटर टिकेल असं धरलं, तर एका खेपेच्या महामार्गातच त्याचा चौथा हिस्सा जातो, तोही डांबरावर सरळ रेषेत.

म्हणून मला पटणारा मार्ग दुसऱ्या रिमच्या संचाचा. रोजसाठी दुसऱ्या पायरीचे टायर. जुन्या, कारखान्यातून आलेल्या रिमवर ट्रॅकचे टायर चढवून ठेवायचे. मागची सीट पाडली की सेडानमध्ये १६ इंची चार चाकं बसतात. नाहीतर काहीजण मिळून गाड्या ट्रकवर चढवून पाठवतात. ठेवणीतले टायर उन्हापासून दूर, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. सोसायटीच्या पंप रूमशेजारी नको; पंपाच्या विजेच्या मोटरजवळ ओझोन तयार होतो आणि त्याने रबराला तडे जातात.

'पावसाळ्यात मी ती गाडी काढतच नाही'

घरात दुसरी गाडी असेल आणि ही खरोखर ऑक्टोबर ते मेच बाहेर पडत असेल, तर तिसऱ्या पायरीचा टायर जरूर घ्या. हा प्रामाणिक आणि समजूतदार वापर आहे. मात्र अवकाळीची सर मार्च-एप्रिलमध्येही येते, आणि पहिल्या सरीत रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ वर येऊन निसरडा थर तयार होतो. त्या दिवशी घाई करू नका, जमलं तर थांबा.

'बाहेरून मागवला तर?'

केंद्र सरकारने जून २०२०मध्ये नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, म्हणजे ती परवान्याशिवाय होत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरला आयएसआय चिन्हही सक्तीचं आहे. त्यामुळे परदेशी चाचण्यांत वाचलेली बरीच नावं, किंवा ती तुमच्या मापात, इथल्या दुकानात नसतात. 'कुठूनतरी आणून देतो' म्हणणाऱ्याकडून घेताना चिन्ह पाहा आणि साइडवॉलवरचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. चारपाच वर्षं गोदामात पडलेला मऊ टायर नव्याच्या भावात घेऊ नये.

मापाच्या मागे लिहिलेलं ९१ व्ही हेही जुळवा. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंतची क्षमता. गाडीला सांगितलेल्यापेक्षा भाराचा आकडा खाली जाता कामा नये.

'रात्री पाम बीच मोकळा असतो'

हे वाक्य ऐकलं की माझा जीव वरखाली होतो. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, वळणाबाहेर मोकळी जागा असते, झेंडे दाखवणारी माणसं आणि रुग्णवाहिका उभी असते. नवी मुंबईतल्या पाम बीच मार्गावर दुभाजक आहे, दिव्याचे खांब आहेत, रस्ता ओलांडणारी माणसं आणि कुत्री आहेत. चांगल्या टायरची मर्यादा रस्त्याच्या वेगमर्यादेच्या इतकी पलीकडे असते की ती 'तपासायला' गेलं तर चूक सावरायला जागा उरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली परवानगीविना शर्यत लावणं गुन्हा आहे. आणि एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: आपल्या नेहमीच्या मोटार विम्यात आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. म्हणजे रीतसर ट्रॅकवर जातानाही पॉलिसीतली 'वापराच्या मर्यादा' ही ओळ वाचून जा.

परत निघण्याआधी

ट्रॅकवरून त्याच टायरवर घरी यायचं असेल तर ते पूर्ण थंड होऊ द्या. शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी दाब मोजा. गरम असताना हवा सोडली असेल तर थंड झाल्यावर दाब फार कमी भरतो, म्हणून दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत पुन्हा भरा. मग गाडी थोडी पुढे-मागे करत प्रत्येक टायरची सगळी बाजू हात फिरवून पाहा, आतली साइडवॉलसुद्धा. फुगा, कापलेली जागा, दिसू लागलेले धागे यातलं काहीही आढळलं तर तो टायर तिथेच उतरवा आणि स्टेपनी लावा. स्टेपनी लहान असेल तर तिच्यावर छापलेली वेगमर्यादा घरापर्यंत पाळा.